वीराचा मान

धुळवडीला कुरुळीत हलगी वाजत होती आणि वेशीपाशी दौलतराव नुसता खांबासारखा उभा होता. डोक्याला फेटा, हातात बापजाद्यांची तलवार. चाकणच्या किल्ल्यावर लढता लढता पडलेला त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष 'वीर' म्हणून दर धुळवडीला घरच्या थोरल्याच्या अंगात यायचा. त्याच्या अंगात वीर नाही आला, तर मान धाकट्या भावकीकडे जायचा. आणि एकदा गेलेला मान परत आलाय कधी?

बायकांच्या घोळक्यात सुभद्राबाईचा जीव टांगणीला लागला होता. सासरे गेल्यावर नवऱ्याची ही पहिलीच पाळी. ब्रह्मदेशच्या लढाईवरून आल्यापासून या माणसानं तोंडाला कुलूपच लावलेलं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात पहाऱ्यावर जायचा, यायचा, जेवायचा. लढाईचं विचारलं की उठून गोठ्यात. अशाच्या अंगात वीर येणार तरी कुठून? धाकट्या भावकीतला मारुतराव तर घरूनच फेटा बांधून आला होता. मेल्याला घाई बघा.

हलगी चढली. दौलतरावाच्या हातातली तलवार थरथरायला लागली. आला, आला, अशी कुजबुज झाली. सुभद्राबाईला हायसं वाटलं.

भावकीतल्या म्हाताऱ्या रंगरावांनी, सुभद्राबाईच्या चुलत सासऱ्यांनी, रिवाजाप्रमाणं विचारलं, "वीरा, काय पायजे तुला?"

दरसाली वीर गरजून कोंबडं मागायचा.

"पाणी," दौलतराव म्हणाला. "मला न्हाई. त्याला."

"कुणाला?"

"खंदकात पडलाय त्यो. मीच भोसकलाय. मिसरूड बी फुटलं न्हाई अजून. हातानं खुणा करून पाणी मागतुया. माझ्यापाशी पाणी व्हतं. म्या दिलं न्हाई. त्यो गप हुईस्तवर बघत बसलो."

हलगी थांबली. तलवार मातीत पडली आणि दौलतराव तिथंच बसून हमसून हमसून रडायला लागला.

माणसं एकमेकांकडं बघू लागली. खंदक तर चाकणच्या किल्ल्यालाही होताच की, मग वीरच बोलतोय का? "वीर कवा रडतो व्हय?" मारुतराव पुटपुटला. रंगरावही गोंधळले. उभ्या हयातीत त्यांनी असा वीर बघितला नव्हता. पण थोरल्या घराचा मान आपल्या तोंडानं घालवावा, हेही त्यांच्या जिवावर आलं.

"सुनबाई, तू सांग," ते म्हणाले. "वीर आला म्हणायचं नव्हं?"

नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळी भावकी कान टवकारून उभी होती. सुभद्राबाई पुढं आली, नवऱ्याशेजारी मातीत बसली आणि चारचौघांत पहिल्यांदाच तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई मामंजी, वीर न्हाई आला," ती म्हणाली. "आमचं धनी आलं. लढाईवरनं आज घरी आलं."