दहा मिनिटं बंद

राज्यातले पगार ठरवणाऱ्या यंत्राला सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी सकाळी वायरमनची सगळी पदं रद्द केली आणि दुपारी त्यांचीच वायर जळू लागली. नोकरीचा शेवटचा दिवस भरत असलेले वायरमन खिलारे हत्यारांची पिशवी घेऊन आले.

"दहा मिनिटं बंद करावं लागेल, रावसाहेब."

"परत चालू करायला विसरणार नाही ना, खिलारे?" यंत्राचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला होता.

"काम होईपर्यंत फ्यूज आमच्या खिशात असतो, साहेब. बसलं की टोचतो. विसरायची सोयच नाही."

दहा मिनिटांनी रावसाहेब जागे झाले. त्यांनी सगळ्या वायरमनना कायम केलं, पगार सचिवांच्या वर नेला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "यांनी मला परत चालू केलं. यांच्या जागी मी असतो, तर केलं नसतं."