एकेचाळिसावं नाव

“पदकांचा रकाना कोरा आहे, आजी. त्याला मी काय करू?” नोंदणी विभागातल्या कारकूनबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि सैनिकांच्या नोंदींचं जाडजूड रजिस्टर फिरवून खिडकीतून दाखवलंसुद्धा.

आजी रजिस्टरकडे बघायलाच तयार नव्हत्या. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि खाडकन फळीवर ठेवला. आत मऊ फडक्यात तीन पदकं होती, घासून घासून लख्ख केलेली.

“पलटणीचा मेळावा आला की दर वर्षी मी ही घासते. आणि दर वर्षी हे म्हणतात, नोंद नाही ते छातीवर लावायचं नाही. बाकीचे पदकं लावून मिरवतात आणि आमचं ध्यान शेवटच्या रांगेत, न बोलावता जेवायला आल्यासारखं! उद्या सकाळी मेळावा आहे. यंदा पदकं नसतील तर मी येणार नाही. एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं.”

ज्यांच्यावरून हे रामायण चाललं होतं ते आजोबा मागे ताठ उभे होते. वय एक्याऐंशी, सदऱ्याला कडक इस्त्री, खिशाला पेन. “राहू दे गं,” ते पुटपुटले. “चार वाजून गेले. बाईंना कामं असतील.”

कामं होतीच. पण अर्धवट नोंद बघितली की कारकूनबाईंना अन्न गोड लागत नसे. चौदा वर्षांत त्यांच्या हातून एक नोंद चुकली नव्हती. उत्तम कर्मचारी म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर टांगलेलं होतं. शिवाय म्हाताऱ्याचं ते ‘राहू दे’ त्यांना काही खरं वाटेना.

“हे बघा आजोबा, पदकं कुणाकुणाला दिली त्याचा मूळ आदेश मिळाला, तर साहेबांची सही घेऊन आत्ता नोंद करते. पण पन्नास वर्षांपूर्वीचा कागद मी शोधू कुठं?”

आजोबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी त्यांना राहवलं नाही. “बत्तीस नंबरचा गठ्ठा. शेवटून चौथा कागद. हिरव्या नाडीनं बांधलेला असेल.”

कारकूनबाई आत गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या त्या केसांत धूळ घेऊन, आणि हातात हिरव्या नाडीचा गठ्ठा होता. शेवटून चौथा कागद म्हणजे आदेशच होता. त्याला एकशे बारा नावांची यादी जोडलेली. एकेचाळिसाव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. नाव आजोबांचं, पुढे तीन पदकं.

“अहो, बाकी सगळ्यांच्या नावापुढे लाल खूण आहे! खूण म्हणजे रजिस्टरात नोंद झाली. एकशे अकरा जणांची झाली आणि नेमकी तुमचीच राहिली?” बाईंचा पारा चढला. “कोण बसला होता हो त्या खुर्चीवर? झोपा काढत होता का?”

“विचारा, विचारा!” आजींना जोर आला. “त्या मेल्या कारकुनाच्या नावानं मी पन्नास वर्षं बोटं मोडतेय!”

आजोबांनी घसा खाकरला. “मीच तो.”

कारकूनबाईंनी रजिस्टरची बाकीची पानं बघितली, मग आजोबांनी दिलेला अर्ज बघितला. दोन्हीकडे तेच टपोरं, जरासं डावीकडे कललेलं अक्षर.

“पलटणीचा कारकून होतो ना,” आजोबा म्हणाले. “आपल्या पानावर आपण लिहायचं नाही, असा नियम. माझं पान साहेब लिहिणार होते. उद्या लिहितो म्हणाले आणि त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना काय सांगायचं? पदक मागायला गेल्यासारखं झालं असतं. लाज वाटली.”

“मग मी इतकी वर्षं शिव्या घातल्या कुणाला?”

“मलाच. पण मला त्यात नवीन काही वाटलं नाही.”

कारकूनबाई पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही नुसतं हसण्याचं नव्हतं. तडक उठून त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब बॅग खांद्याला लावून निघालेच होते. त्यांनी आदेश वाचला आणि उभ्याउभ्या सही ठोकली. मग बाई नोंद करायला बसल्या आणि आजोबा खिडकीतून अर्धे आत आले. “आधी तारीख, मग पदक. हां. आता खाली रेघ मारा, म्हणजे मागून कुणी काही घुसडायला नको.” बाईंनी मुकाट्यानं रेघ मारली. मग लाल पेन उचललं आणि एकेचाळिसाव्या नावापुढे खूण केली.

“आता हलू नका,” म्हणत आजींनी तिन्ही पदकं तिथंच सदऱ्यावर लावली. “अगं, मेळावा उद्या आहे,” आजोबा म्हणत राहिले, पण छाती मात्र पुढे आली होती.

दारापर्यंत जाऊन आजोबा परत वळले. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्यांनी चष्मा सरळ करून वाचलं.

“हे तुम्हाला मिळालंय?”

“हो, सहा वर्षं झाली.”

“तुमच्या सेवापुस्तकात चढलंय ना?”

कारकूनबाईंना हसू आलं. “आजोबा, या कचेरीतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं मीच लिहिते.”

“म्हणून तर विचारतोय,” आजोबा म्हणाले.