थोरल्याचा आवाज

गॉथिक कथेची लक्षणं लिहा, असा प्रश्न होता, आणि प्रत्येक लक्षणाला एक उदाहरण आपल्या मनाने द्यायचं होतं. श्रेया सकाळपासून डायनिंग टेबलावर वही पसरून बसली होती. आखातातली शुक्रवारची सुट्टी, बाहेर धुळीने सीफ भागातले टॉवर दिसेनासे झालेले, आणि ही पोरगी भुताखेतांचा अभ्यास करत होती. एरवी तिच्या आईला, स्मिताला, हसू आलं असतं.

श्रेयाला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीत. तिने यादी वाचून दाखवली. जुना किल्ला. कुंद हवा. बंद खोली. घराण्याचं गुपित. गेलेल्या माणसाची चाहूल. मग म्हणाली, अकराव्या मजल्यावरच्या, लिफ्ट असलेल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी उदाहरणं आणायची कुठून? टीचर म्हणे सांगत होत्या, भूत दिसायलाच हवं असं नाही. ज्यांनी लपवलंय त्यांची भीती दिसली की झालं.

"काका येतील आता. पसारा आवर," स्मिता म्हणाली.

शिरीष तिचा धाकटा दीर. शहराबाहेर, सित्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. दर शुक्रवारी तो बस बदलत यायचा, पाणी प्यायचा, विवेकच्या खुर्चीत बसायचा आणि साताऱ्याकडच्या गावी आईला फोन लावायचा. विवेक म्हणून.

विवेक म्हणजे स्मिताचा नवरा. फेब्रुवारीत ऑफिसात बसल्या जागी गेला. त्याच आठवड्यात तिकडे आईची बायपास झाली होती. तिच्या जिवाला सोसायचं नाही, जरा सावरू दे, मग सांगू, असं ठरलं. लपवायचं म्हटलं की आपल्या माणसांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. पण विवेकला फोन द्या म्हणून आईने हट्टच धरला, तेव्हा शिरीषने फोन घेतला आणि भावाच्या आवाजात बोलला. आवाज मुळातच मिळता. विवेक शिकल्यासारखं बोलायचा, 'आई' म्हणायचा. शिरीषने गावची बोली सोडली नव्हती, तो 'आये' म्हणायचा. एवढा फरक सांभाळला की झालं. आईकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता.

दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकले तर आई पकडेल, या धास्तीने त्याने स्वतःच्या नावाने फोन करणंच सोडून दिलं. शिरीषची शिफ्ट आहे, शिरीषला साइटवर फोन न्यायला मनाई आहे, असं तो स्वतःच सांगायचा. असे आठ महिने निघाले.

स्मिताला या अर्ध्या तासाची भीती वाटायची. स्वयंपाकघरात असताना बाहेरून विवेकचं बोलणं ऐकू यायचं आणि तिचे हात थांबायचे. एकदा तिने चक्क विवेक प्यायचा तसा बिनसाखरेचा चहा नेऊन शिरीषपुढे ठेवला होता. त्यानेही तो निमूटपणे प्यायला. दोघांनाही ते सहन झालं नाही. म्हणून आज सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. आईच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. स्मिताला आपल्या नवऱ्यासाठी एकदा उघडपणे रडायचं होतं, सासूच्या गळ्यात पडून.

शिरीष आला, बसला. फोन स्पीकरवर लागला. श्रेया लिहायची थांबली.

"आई, मी विवेक बोलतोय. गोळ्या घेतल्यास ना?" त्याने घसा साफ केला. "आई, आज तुला एक सांगायचंय."

"आदी मला इचारू दे," आई म्हणाली. "खरं सांग. शिरीष गेला न्हवं?"

शिरीषने हाताने स्मिताला जवळ बोलावलं.

"आठ म्हयने पोराचा फोन न्हाय. तू दर येळंला नवं कारण देतूस. मी काय खुळी हाय?" आईच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढलं. कुनाला सांगितलं न्हाय. मनात म्हनलं, लेकरू गेलं आसंल तर शीव. कावळा आला, आन् पयला त्याच पानाला शिवला."

स्मिताने खुर्चीची पाठ घट्ट धरली. कावळ्याचं काहीच चुकलं नव्हतं.

शिरीष उठून उभा राहिला. आता खरं सांगायचं तर थोरला जाणार होता, आणि न सांगावं तर तो स्वतः कधीच गेला होता. त्याने फोन दोन्ही हातांत धरला आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा आईशी आपल्या आवाजात बोलला.

"आये, मी शिरीष बोलतुया. मी हाय गं. जित्ता हाय मी."

पलीकडून आई बोलली ती इतक्या मायेने, की श्रेयानेही मान वर केली.

"नगं रं विवेक. माझ्या समाधानासाठी त्याचा आवाज काढतूस, कळतंय मला. ल्हानपनी काढायचास, तसा हुबेहूब. पर आता नगं. जाऊ दे त्याला."