डावी वाट, उजवी वाट

तासगावात सम्मेदच्या बेदाण्याच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी मित्र फासे घेऊन जमायचे. सम्मेद गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन पुढं काय करायचं ते ठरवायचे. आज त्याच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, बराच विचार करून डावी वाट धरली आणि ती थेट राक्षसाच्या गुहेत पोचली.

खेळ संपल्यावर आटपाडीचा अमृत म्हणाला, "मी आमच्याकडं खेळ घेतो तवा काय बी ठरवत न्हाई गड्या. पोरं नेतील तिकडं गोष्ट. परवा राक्षसाला सोडून बाजारात मेंढरं इकत बसली."

"मग गोष्टीचा चोथा हुतोय," सम्मेद म्हणाला. "माझी गुहा आधीच पक्की असती. डावीकडं जावा न्हाईतर उजवीकडं, गुहाच येती. पण विचारायचं मात्र दरवेळी. आपण निवडलं असं वाटलं की माणूस खूष असतंय."

"आन् कुणाला कळलं तर?"

"परत जाऊन दुसरी वाट कोण बघतंय?"

भाग्यश्री फासे डब्यात भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लग्नाआधी तुमी मला विचारलं हुतं, कराडला राहायचं का तासगावला. मी कराड म्हणाले हुते."

"जायाचं की," सम्मेद सवयीनं म्हणाला. "यंदाची द्राक्षाची फळछाटणी झाली की जाऊ."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"कुठल्या वाटेनं?"