सातवं प्रस्थान

मुहूर्तापासून पाचव्या दिवशी सकाळीही बंकटराव आढीतले आंबे चाचपत बसलेले पाहून साखराबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

दाराबाहेर गावातल्या सिदूची बैलगाडी जुंपून उभी होती. सिदू करडईची पोती घेऊन जालन्याला निघाला होता. या दोघा नवरा-बायकोला तिथल्या स्टेशनावर सोडून तो बाजारात जाणार होता. जालन्याहून निजाम सरकारच्या आगगाडीनं मनमाड आणि तिथून गाड्या बदलत काशी. बेत पक्का होता. तसा गेली सहा वर्षं तो पक्काच होता.

मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर माणसाऐवजी त्याचं गाठोडं निघतं. एक धोतर, एक लुगडं, मूठभर तांदूळ आणि सुपारी बांधून मुहूर्ताच्या घटकेला शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मग पाच दिवसांत कधीही निघालं तरी मुहूर्त साधला असं धरतात. बंकटरावांचं गाठोडं दर उन्हाळ्यात शेजारच्या बायनाबाईच्या घरापर्यंत जाई आणि सहाव्या दिवशी परत येई. एकूण यात्रा पंधरा पावलांची.

बीडच्या तहसिलीत जमादारी करून ते वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी आले, त्याला आता सात उन्हाळे झाले. उन्हाळा भोगावा तर त्यांनीच. सकाळी पन्हं, दुपारी आमरस, संध्याकाळी लिंबाखाली बाज आणि बाजेभोवती अर्धं गाव. मग काशीच्या वाटेचं वर्णन सुरू. भुसावळची केळी कशी गोड, जबलपुराकडे नर्मदा कशी दिसते, प्रयागला नाव कुठून घ्यायची. ऐकणारे माना डोलवत. साखराबाई आतून पन्ह्याचे पेले पाठवून थकत. नोकरी होती तोवर "वजिफा होऊ दे" हे ऐकून त्या गप्प राहिल्या होत्या. लेकींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली. आता गुडघे कुरकुरू लागले होते. या साली नाही तर कधीच नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

निमित्तांना काही तोटा नव्हता. एकदा बैल लंगडला. एकदा घराच्या माळवदावर पावसाआधी पांढरी माती टाकायची राहिली. एका साली तर मांजर आडवं गेलं म्हणून माघारी फिरले, आणि ते मांजर घरचंच होतं.

"आवंदा काय झालं?" साखराबाईंनी विचारलं.

"आंबा पिकायला आलाय गं. टाकून गेलो तर सगळा सडंल. म्होरल्या साली बगू."

साखराबाई पदर खोचून तडक बायनाबाईकडे गेल्या आणि गाठोडं उचललं.

"आगं, दर सालावानी उद्या नेनार ना वापस?" बायनाबाई म्हणाली.

"वापस न्हाई न्येत. म्होरं न्येते."

घरी येऊन त्यांनी गाठोडं सोडलं, नवऱ्याचं धोतर काढून उंबऱ्यावर ठेवलं, बाकीचं पुन्हा बांधलं आणि पोत्यांवर चढून बसल्या. सिदू गोंधळला.

"काकी, आन् काका?"

"हाक गाडी."

गाडी पारापर्यंत गेली तेव्हा कुठं बंकटरावांना खरं वाटलं. ते अनवाणीच धावत आले आणि त्यांनी बैलांपुढं आडवं होऊन जू धरलं. पारावरचे लोक उठून उभे राहिले. रोज संध्याकाळी बाजेभोवती बसणारेच ते.

"उतर खाली. लोक काय म्हंतील?"

"सात साल लोक आयकतच बसलेत. आता बगतील."

"एकली कावून जातीस? जालना कुठं हाय हे तरी म्हाईत हाय का?"

"सिदूला म्हाईत हाय. सोडा जू."

बंकटरावांनी जू सोडलं नाही. पण त्यांची मान खाली गेली. मग जू सोडून गाडीच्या कडेला येऊन ते बोलू लागले ते इतकं हळू, की साखराबाईंना वाकून ऐकावं लागलं.

"आपला त्रिंबकदादा आन् वैनी गेलते काशीला. आठवतं का?"

आठवत कसं नाही? थोरल्या जाऊबाई त्या. पण या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे.

"वैनी पटकीनं वाटंतच गेली. दादा एकलाच आला, गंगेचं पानी घिऊन. मंग धा साल वसरीत बसून व्हता. कुनासंग बोलंना, ताटात काय वाढलंय ते बी बगंना. मी रोज बगत व्हतो. दर साली गाठोडं ठिवतो आन् मला त्योच दिसतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला तसं एकलं वापस यायचं न्हाई."

साखराबाईंना रडू आलं आणि संतापही आला. संतापच जास्त. सात वर्षं हा माणूस गावाला नर्मदा दाखवत होता आणि बायकोला एवढं एक वाक्य सांगू शकला नव्हता. सहा उन्हाळे वाया गेले. त्यांतला एकही आता परत येणार नव्हता.

त्यांनी डोळे पुसले. पोत्यावर जराशा सरकून एका माणसापुरती जागा केली.

"आन् हितं मेले," त्या म्हणाल्या, "तर तुमी एकले न्हाई ऱ्हानार व्हय?"