उशिरा घातलेली मागणी

पांढऱ्या फुलांची जुडी काँक्रीटच्या लांबरुंद शिळेवर ठेवून उविनेझा बाजूला झाली.

"बोला आता, बाबा," ती म्हणाली.

गाकुबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. किगालीच्या टेकडीवरच्या या राष्ट्रीय स्मारकात अशा शिळा ओळीनं होत्या आणि त्यांच्याखाली कत्तलीत मारली गेलेली हजारो माणसं. या शिळेखाली उविनेझाचे वडील होते. गाकुबानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय बोलू? मी मतं टाकून निवडलेला बाप. अशा बापाची मुदत कधीच संपली."

"मत मीही टाकलं होतं. दुसऱ्या उमेदवाराकडे इस्त्री नव्हती, म्हणून निवडून आलात."

तो हसला. चौऱ्याण्णव साली देशभर झालेल्या त्या कत्तलीनंतर विद्यापीठात आलेल्या अनाथ पोरांनी आपली आपण घरं मांडली होती. वीसेक पोरांचं एक घर. त्यांच्यातलाच एक बाप, एक आई. गाकुबा तेव्हा तेवीस वर्षांचा होता, उविनेझा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तेव्हापासून ती त्याला बाबा म्हणते आणि रस्त्यातली माणसं वळून बघतात.

उद्या उविनेझाच्या मुलीला, इकिरेझीला, मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. मांडवात मुलीच्या आजोबांच्या पिढीतल्या वडीलधाऱ्याची एक खुर्ची असते. मागणी तिच्याकडे बघूनच घालतात. त्या खुर्चीत कोण बसणार, याचा घोळ आठवडाभर चालला होता. बुरुंडीहून उविनेझाचा एक चुलता आला होता. त्यानं तिला मागच्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं, पण माणूस रक्ताचा होता.

"चुलत्यालाच बसव," गाकुबा म्हणाला. "मी मागे बसतो. केळ्याच्या बिअरची घागर सांभाळायलाही कुणी लागतंच."

"तुम्ही घागर सांभाळलीत तर पाहुण्यांना काय उरेल?" मग शिळेकडे बघत तिनं आवाज खाली आणला. "तुम्हाला चुलत्याचं काही वाटत नाही. तुम्ही यांना बिचकता. म्हणून तर इथं आणलं. यांनाच विचारा."

गाकुबा शिळेकडे वळला. लोकांच्या लग्नांत मुलाकडच्यांच्या वतीनं बोलायला त्यालाच बोलवत. त्यानं घसा साफ केला आणि मांडवात लावतात तसा लांबट सूर लावला.

"घरात आहे का कुणी? आम्ही लांबून आलोय. तुमच्या घरी एक मुलगी आहे असं ऐकलं. ती आम्हाला द्यावी."

पलीकडच्या शिळेपाशी एक म्हातारी उभी होती. तिनं मान वर केली. उविनेझा शिळेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली, वडिलांच्या वतीनं. मुलीकडच्यांनी लगेच हो म्हणायचं नसतं.

"इथं मुलगीबिलगी नाही," ती आवाज जाड करून म्हणाली. "घर चुकलात. आणि मागायला ही वेळ झाली?"

"यायला उशीर झाला, कबूल."

"सून करून नेणार?"

"नाही. लेक म्हणून मागतोय."

"अशी मागणी आम्ही कधी ऐकली नाही. आजवर खायला काय घातलंत तिला?"

"घेवडा. रविवारीसुद्धा घेवडाच."

"हे खरं आहे. रागावलात कधी?"

"एकदा. गणितात नापास झाली तेव्हा. ती जेवून झोपली, मीच रडत बसलो."

"तिच्या बाळंतपणाला कोण होतं?"

"मी. दवाखान्याच्या दारात. नर्स म्हणाली, बाळाचे वडील आत या. म्हटलं, बाई, मी आजोबा. ती माझ्या काळ्याभोर केसांकडे बघून हसायची थांबेचना."

उविनेझालाही हसू आलं. तिनं ते दाबलं.

"बरोबर कोण आहे तुमच्या? मागणी घालायला कुणी एकटं येत नाही."

गाकुबा अडखळला. मांडवातला सूर गेला आणि त्याचा रोजचा आवाज आला.

"एकटाच आहे. माझी माणसं दुसऱ्या टेकडीवर आहेत. अशीच, शिळेखाली. बरोबर आणायला कुणी नाही."

उविनेझा शिळेला वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारी, मागणाऱ्यांच्या बाजूला, उभी राहिली.

"आबा," ती शिळेकडे बघून म्हणाली, "यांच्याबरोबर मी आलेय."

मागणी मान्य झाली की बायका आनंदाची लांब आरोळी देतात. पलीकडच्या म्हातारीनं ती दिली, पण अगदी हळू, ओठातल्या ओठात. मग ती आपल्या शिळेकडे वळली.

पायऱ्या उतरताना गाकुबा मध्येच थांबला.

"पोरी, तुझे आबा खुर्चीत कसे बसायचे? टेकून, की ताठ?"

उविनेझानं आठवून पाहिलं. खालच्या पायरीवर उभी राहून पुष्कळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत, बाबा," ती म्हणाली. "उद्या तुम्ही बसाल ना, तसेच बसत असतील."