लिंपण

तिसऱ्यांदा पडलेलं प्रवाळ तिने चिमट्याने उचललं, खाऱ्या पाण्याच्या वाडग्यात ठेवलं आणि वाडगा मामापुढे सरकवला. करंगळीएवढं, जांभळ्या टोकांचं. बुडापाशी नखभर पांढरं पडलं होतं.

"पांढरं म्हणजे?"

"मेलेलं. पडलं की घासतं, घासलं की ते वर वर सरकत जातं. आता पुन्हा पडलं तर नाही वाचायचं, मामा."

हा तुकडा आईने कापून ठेवला होता; बसवायचा राहून गेला. आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. समुद्री माशांच्या टाकीतलं बाकी सगळं आईनेच खडकावर बसवलेलं. त्यातलं एकही जागचं हललं नव्हतं.

मामा कवळ्या करायचा. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवत आला होता, आणि तितकीच वर्षं धाकट्या बहिणीची टिंगल करत आला होता. रोज उठून दगडांना आंघोळ घालते, म्हणायचा. आज मात्र हत्यारांची पिशवी घेऊन आला. शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडली आणि डोक्याला बांधलेलं भिंग डोळ्यांवर ओढलं.

"कसं चिकटवलंस?"

"तू फोनवर सांगितलंस तसं. बूड टिपून कोरडं केलं, गोंद लावला, दाबून धरलं. बाहेर आलेला सगळा पुसून घेतला."

"मग पडायचं कारणच नाही."

"पंप चालू केले की पडतं."

टाकीच्या दोन्ही टोकांना लाटा उठवणारे पंप होते. काम करताना ते बंद ठेवायचे. पण फार वेळ बंद ठेवून चालत नसे.

मामाला पटलं नाही. तो काचेला नाक लावून बहिणीचं काम बघू लागला. समोरच एक हिरवं प्रवाळ होतं, दोन महिन्यांपूर्वी बसवलेलं. त्याच्या बुडाशी राखाडी पुट्टीचा लिंबाएवढा गोळा, कडेने वेडावाकडा पसरलेला.

"अरे देवा! हे काय लिंपण? माझ्याकडे कुणी असं काम केलं असतं, तर त्याच दिवशी घरी बसवला असता."

"आई म्हणायची, तुझ्या मामाला एवढं दाखवू नकोस."

"दाखवण्यासारखं आहेच काय!"

पण तो तिथून हलला नाही. हिरव्या प्रवाळाची पातळ जिवंत साय बुडापासून खाली ओघळून पुट्टीवर बोटभर आली होती. त्याने टॉर्च पेटवला. शेजारचं प्रवाळ वर्षाचं. तिथे साय निम्म्याहून जास्त उतरली होती. पुट्टीची नुसती कड दिसत होती. मग तो कोपऱ्यातल्या ताटाएवढ्या प्रवाळाकडे गेला. ते चार वर्षांचं. त्याने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, शेवटी गुडघे टेकून खालून पाहिलं.

"ह्याचा सांधा कुठाय?"

"असेल तिथेच."

"नाहीये. अगं, आयुष्य सांधे बघण्यात गेलं माझं. हे खडकातूनच उगवलंय."

"आईनेच बसवलंय ते. मी टॉवेल धरून उभी होते."

मामाचा टॉर्च इकडून तिकडे फिरत राहिला.

"पहिले काही दिवस धरून ठेवण्यापुरती ती पुट्टी," तो अखेर म्हणाला. "पुढे ह्याचं हे धरतं. म्हणून तिने त्याला उतरायला जागा ठेवलीय. आणि मी शहाणा तुला पुसून घ्यायला सांगतोय! तोंडात जरा कुठे कड राहिली की टोचते, म्हणून आम्ही पुसतो. कवळी कुठे मूळ धरणार आहे?"

तिने पंप बंद केले. मामाने पुट्टी मळली, दोन्ही बाजूंना गोंद लावला, त्यावर प्रवाळ रोवलं आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. खडकावर दाबून जरा फिरवलं. पुट्टी चहूकडून बाहेर आली. त्याचा अंगठा आपोआप कडेवरून पुसायला वळला.

तिने पाण्यातच त्याचं मनगट धरलं. "मामा, राहू दे."

"सवय गं."

मग कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून त्याने ती पुट्टी बोटांनी खडकावर पसरली. जमेल तितकी ओबडधोबड. आणि तसाच धरून बसला. एक बारका मासा येऊन त्याच्या हातावरचे केस ओढू लागला.

"चावतोय हा."

"आईलाही चावायचा."

मामाने हात हलवला नाही. दहा मिनिटं झाली, तेव्हा तिने त्याला सोडायला सांगितलं. त्याने एकेक बोट काढून घेतलं.

तिने पंपाचं बटण दाबलं. पहिली लाट खडकावर आली. वाळू उडाली, मासे एका बाजूला ढकलले गेले. प्रवाळ होतं तिथेच राहिलं. दुसरी लाट आली, तिसरी आली. तिने श्वास सोडला आणि टॉवेल पुढे केला.

मामाने तो घेतला नाही. ओल्या हाताने भिंग पुन्हा डोळ्यांवर ओढून तो कोपऱ्यातल्या त्या मोठ्या प्रवाळापाशी जाऊन बसला होता. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"माझं काम शीक म्हणून किती मागे लागलो होतो मी तुझ्या आईच्या," तो काचेकडे बघत म्हणाला. "नाही शिकली. बरं केलं."